पाहुण्यांपुढची फळी : खारवलेलं मांस आणि आतिथ्याचा इतिहास

नाताळच्या आठवड्यात व्याख्यान ठेवलंय, तेव्हा विषय नाताळच्या टेबलावरचाच घ्यावा असं ठरलं. विषय ऐकून एका जुन्या स्नेह्यांनी विचारलं, "तत्त्वज्ञान शिकवून झाल्यावर आता डुकराच्या मांसावर बोलणार का?" बोलणार. नीती, धर्म, परके आणि आपले, या सगळ्या गोष्टी पुस्तकात येण्याच्या फार आधी ताटात येतात, म्हणून.

तर ती फळी. डिसेंबर आला की युरोप-अमेरिकेतल्या घरांमध्ये पाहुण्यांसाठी एक लाकडी फळी मांडली जाते. तिच्यावर पातळ कापलेलं हॅम, सॉसेजच्या चकत्या, पाते, व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्या, मोहरी, पाव, चीज, द्राक्षं, अक्रोड. सगळे भोवती उभे राहून उचलून खातात. याला 'शार्क्युत्री बोर्ड' म्हणतात. हल्ली पुण्या-मुंबईच्या पार्ट्यांतही ती दिसते, आणि खाण्याआधी तिचा फोटो काढणं आवश्यक असतं. (हशा)

ही फळी कशी मांडायची ते सांगणारे पुष्कळ आहेत. शेवटी मीही थोडं सांगेन. पण मला आज जे म्हणायचंय ते वेगळं आहे. या फळीवरच्या मांसाने युरोपात दोन कामं केली. पहिलं काम हिवाळा निभावून नेण्याचं. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कौतुकाने सांगितलंही जातं. दुसरं काम म्हणजे समोर बसलेला माणूस आपला की परका हे तपासण्याचं. हे दुसरं काम सहसा सांगितलं जात नाही.

आधी शब्द पाहू. 'शार्क्युत्री' हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधल्या 'शिजवलेलं मांस' या अर्थाच्या दोन शब्दांवरून. आज आपल्याला या फळीवर कच्चं, वाळवलेलं, खारवलेलं मांस जास्त दिसतं, पण नाव शिजवण्यावरून पडलेलं आहे. कारण ते नाव पदार्थाचं नव्हतं, धंद्याचं होतं. आपल्याकडे जुन्या काळी कारागिरांच्या श्रेणी असत, तशा पॅरिसमध्ये धंद्यांच्या श्रेणी होत्या. कच्चं मांस विकायचा हक्क खाटकांचा. शिजवलेलं मांस विकणाऱ्यांना 1476 मध्ये स्वतंत्र नियमावली मिळाली, आणि शार्क्युतिए हा वेगळा धंदा कागदोपत्री उभा राहिला. गंमत अशी की सुरुवातीला त्यांना डुक्कर स्वतः कापता येत नसे, मांस खाटकाकडूनच घ्यावं लागे. तो हक्क पुढे मिळाला. आणि ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, म्हणजे लेंटचा काळ, ख्रिस्ती माणसाला मांस वर्ज्य. मग या दुकानदारांनी करायचं काय? ते त्या दिवसांत खारवलेला हेरिंग मासा विकत. मीठ तेच, कौशल्य तेच, गिऱ्हाईक तेच.

आता नोव्हेंबर. उत्तर युरोपात हिवाळ्यात जनावरांना घालायला चारा पुरत नसे. डुक्कर शरद ऋतूत ओकच्या झाडांखाली पडलेली फळं खाऊन माजायचं, आणि थंडी पडली की मारलं जायचं. थंडीतच का? तर उन्हाळ्यात मारलं तर मीठ आतपर्यंत पोचायच्या आधीच मांस सडतं. अकरा नोव्हेंबरचा सेंट मार्टिनचा दिवस हा त्याचा ठरलेला मुहूर्त. स्पॅनिशमध्ये तर म्हणच आहे की प्रत्येक डुकराचा सेंट मार्टिन कधी ना कधी येतोच, म्हणजे आपल्या भाषेत पापाचा घडा भरतोच. मध्ययुगातल्या सचित्र प्रार्थनापुस्तकांत बारा महिन्यांची बारा कामं रंगवलेली असतात. त्यांत वर्षाच्या अखेरीला ओकची फळं पाडणारा गुराखी किंवा डुक्कर मारणारा माणूस ठरलेला असतो.

इथे जरा थांबू. मारल्यानंतर काय होतं, ते क्रमाने बघा. रक्त सगळ्यात आधी खराब होतं, म्हणून त्याच दिवशी रक्ताची सॉसेजं, म्हणजे बुदाँ. मग काळीज आणि आतले अवयव. त्यांचं पाते होतं, ते काही दिवस टिकतं. मग उरलेसुरले तुकडे चरबीत मंद आचेवर शिजवून, त्याच चरबीच्या थराखाली झाकून ठेवायचे. ही रिय्येत, काही आठवडे टिकणारी. मग आतड्यांत भरलेली, टांगून वाळवलेली सॉसेजं, काही महिन्यांची. आणि शेवटी मागची तंगडी, म्हणजे हॅम. इटलीतलं पार्माचं हॅम वर्षाहून अधिक काळ मुरतं. म्हणजे नाताळच्या फळीवर शेजारी शेजारी मांडलेल्या वस्तूंपैकी एखादी परवाची असते, एखादी गेल्या महिन्यातली, आणि एखादी मागच्या किंवा त्याच्याही मागच्या नाताळच्या सुमाराला मारलेल्या जनावराची. एका फळीवर दोन वर्षांचं कॅलेंडर असतं ते. आपण समृद्धी म्हणून तिच्याकडे पाहतो, पण तिच्यातला प्रत्येक पदार्थ 'हे कधीपर्यंत टिकेल?' या काळजीतून जन्मलेला आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपला नोव्हेंबर चैत्र-वैशाखात येतो, एवढंच. पावसाळ्याची बेगमी म्हणून कोकणात सुकट-बोंबील वाळतात, घाटावर कुरडया, सांडगे, पापड होतात. गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजमधून आलेला. मे महिन्यात पुरुमेंताचं फेस्त भरतं, तिथे मिरच्या, सुकी मासळी, चिंच, आणि हो, चोरीससुद्धा. तिच्याकडे परत येतो.

मीठ किती आणि कसं घालायचं, हे रोमन काळापासून लिहून ठेवलेलं आहे. केटो नावाचा करारी रोमन राजकारणी, ज्याला कार्थेज नष्ट झालेलं हवं होतं, त्याने इसवी सनापूर्वी 160 च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या शेवटी हॅमची कृती आहे. मोठ्या रांजणाच्या तळाशी मीठ, त्यावर तंगडी कातडीची बाजू खाली करून, वर मीठ, मग दुसरी तंगडी, असे थर. पाच दिवसांनी वरच्या खाली, खालच्या वर. एकूण बारा दिवसांनी बाहेर काढून मीठ झटकायचं, दोन दिवस वाऱ्यावर टांगायचं, तेल चोळायचं, दोन दिवस धुरी द्यायची, मग तेल आणि व्हिनेगर लावून कोठीत टांगायचं. किडा लागणार नाही, असं केटो सांगतो. दोन हजारांहून अधिक वर्षं झाली, पण आजही खेड्यात हॅम करणाऱ्याला ही कृती वाचून दाखवली तर तो मान हलवेल. आणि रोमला उत्तम खारवलेलं डुक्कर कुठून येत असे? स्ट्रेबो हा भूगोलकार सांगतो, गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या पूर्व भागातून.

मीठ काय करतं? मांसातलं पाणी ओढून घेतं, म्हणजे सडवणाऱ्या जिवाणूंना जगायला पाणी उरत नाही. सॉसेजमध्ये शिवाय आंबण्याची क्रिया होते. चांगले जिवाणू आम्ल तयार करतात आणि वाइटांना थारा देत नाहीत. कैरीच्या लोणच्यात किंवा इडलीच्या पिठात जे चालतं, त्याचंच हे भावंड. 'मुरणं' हा आपला शब्द इथे चपखल बसतो. इंग्रजीत त्यासाठी मला अजून एवढा चांगला शब्द सापडलेला नाही.

पण मीठ म्हणजे कर. फ्रान्समध्ये मिठावरचा कर, गाबेल, हा राजाच्या सर्वांत तिरस्कृत करांपैकी एक. जिथे तो सर्वांत कडक होता त्या प्रांतांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मीठ घ्यायलाच लागे. आणि हे सक्तीचं मीठ फक्त हंडीत आणि जेवणाच्या मीठदाणीत वापरायचं. त्याने डुक्कर खारवलंत तर गुन्हा! त्यासाठी आणखी मीठ, आणखी कर. म्हणजे गरीब शेतकऱ्याच्या घरी सक्तीने घेतलेलं मीठ पडलेलं आहे, अंगणात मारलेलं डुक्कर आहे, आणि दोन्ही एकत्र आणायची मुभा नाही. क्रांतीनंतर 1790 मध्ये गाबेल गेला, नेपोलियनने 1806 मध्ये मिठावर पुन्हा कर बसवला, आणि तो पूर्णपणे उठायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. दांडीची आठवण असलेल्या श्रोत्यांना मी अधिक काय सांगू.

मिठाच्या जोडीला आणखी एक वस्तू, सोरा. नुसत्या मिठाने मांस करडं पडतं, सोरा घातला की गुलाबी राहतं. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात जाणारा पुष्कळसा सोरा बिहारमधून, पाटण्याच्या बाजूने जात असे. कंपनीची जहाजं तो भरून नेत. मुख्यतः तोफांच्या दारूसाठी, आणि थोडा स्वयंपाकघरासाठी. त्याचा दुसरा उपयोग पुढे कळला. 1895 च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलेझेल या गावी एका अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं आणि विषबाधा झाली, तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या हॅममधून जिवाणू शोधून काढला. या विषबाधेचं नाव बोट्युलिझम, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या सॉसेजसाठीच्या शब्दात आहे. सोऱ्यापासून तयार होणारं नायट्राइट हा जिवाणू रोखतं. उलट बाजूही सांगून टाकतो, नाहीतर डॉक्टर मंडळी रागावतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे 18 टक्क्यांनी वाढते. नाताळला एकदा आणि रोज, यात फरक आहे, तो ज्याचा त्याने करावा.

आता दुसरं काम. त्यासाठी फ्रान्समधून खाली आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमध्ये जाऊ. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना सांगितलं, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. पोर्तुगालने 1497 मध्ये जाण्याचीही वाट ठेवली नाही, सक्तीने धर्मांतर केलं. आता हे नवे ख्रिस्ती खरोखर ख्रिस्ती झाले का, हे ओळखायचं कसं? मनात तर डोकावता येत नाही. मग ताटात डोकावायचं. इन्क्विझिशनकडून चर्चमध्ये जाहीरनामे वाचले जात. शेजाऱ्यांनी कोणकोणत्या खुणा पाहून तक्रार करावी याची त्यांत यादी असे. शनिवारी स्वच्छ कपडे घालणं, मांसावरची चरबी काढून टाकणं, आणि डुकराचं मांस न खाणं. पुढे मुसलमानांतून ख्रिस्ती झालेल्यांवरही हीच नजर राहिली, आणि 1609 ते 1614 या काळात त्यांनाही हाकलून दिलं.

म्हणजे बघा काय झालं. पाहुण्यापुढे हॅमची बशी सरकवणं ही आदरातिथ्याची खूण. तीच परीक्षा झाली. हात पुढे येतो की मागे राहतो, हे पाहणारे डोळे टेबलाभोवती बसलेले, कधी घरातली मोलकरीणच. उत्तर पोर्तुगालमध्ये मिरांदेलाच्या बाजूला आल्येइरा नावाचं सॉसेज मिळतं. तिथे सांगितली जाणारी कथा अशी की गुप्तपणे ज्यू राहिलेल्यांनी पाव, कोंबडी, लसूण भरून ही सॉसेजं केली आणि धुराड्यात टांगली. शेजाऱ्याला टांगलेली सॉसेजं दिसली पाहिजेत, एवढ्यासाठी. आजच्या आल्येइरात डुकराचं मांसही सर्रास असतं. गिऱ्हाइकाला आता त्याची पर्वा नाही.

आणि मग हे सगळं जहाजात बसून आपल्याकडे आलं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अशाच धर्मांतरित ज्यू घराण्यातला. 1534 मध्ये गोव्यात आला. आपलं मुंबई बेट एके काळी त्याच्याकडे खंडाने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. तो 1568 मध्ये वारला, दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली.

गोव्यात इन्क्विझिशन 1560 मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत राहिलं. अ. का. प्रियोळकरांनी 1961 मध्ये त्यावर इंग्रजीत जे पुस्तक प्रसिद्ध केलं, ते आपल्या अभ्यासकांच्या कामातलं एक मोठं काम आहे, मिळवून वाचा. 1736 च्या एका फर्मानात स्थानिक ख्रिस्ती लोकांना हिंदूंच्या कितीतरी रीती मना केल्या होत्या. त्यातलं एक कलम असं : हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. आपल्या घरी साधा भात आजही अळणीच शिजतो, मीठ पानाच्या वर वाढलेलं असतं. आपण ते धर्म म्हणून करत नाही, आईने केलं म्हणून करतो. पण बाहेरून पाहणाऱ्याला तीच खूण वाटली, आणि शिक्षेला पुरेशी वाटली.

चोरीस त्याच राजवटीतून आली. पोर्तुगीज शोरिसू इथे येऊन बदललं. अमेरिकेहून आलेली मिरची त्यात सढळ हाताने पडली, इथलं व्हिनेगर, लसूण, कुठे फेणी. दोऱ्यात गाठी मारून माळेसारखी उन्हात वाळवायची. आज गोव्यातल्या ख्रिस्ती घरात नाताळला किंवा भर पावसात चोरीस-पाव खाणाऱ्या माणसाच्या मनात इन्क्विझिशन नसतं. असायचं कारणही नाही, ते त्याचं आईचं अन्न आहे. अळणी भात जसा आपला. सक्तीने आलेली गोष्ट तीन-चार पिढ्यांत मायेची होऊ शकते, आणि ती माया खोटी नसते. सोपा निवाडा करणाऱ्यांना हे पटत नाही, याला माझा नाइलाज आहे.

'हे सगळं जुनं झालं' असं म्हणाल, म्हणून पॅरिसची गोष्ट सांगतो. 2006 च्या हिवाळ्यात तिथला एक गट बेघर लोकांना गरम सूप वाटत होता. सूप मुद्दाम डुकराच्या मांसाचं. मुसलमान आणि ज्यू रांगेतून आपोआप बाहेर. पोलिसांनी बंदी घातली, खालच्या न्यायालयाने ती उठवली, आणि 5 जानेवारी 2007 ला कॉन्सेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. कारण त्या वाटपाचा हेतू भेदभावाचा होता, आणि ज्यांना मदत नाकारली जाते त्यांच्या माणूसपणाला त्याने धक्का लागत होता. मग 2015 मध्ये शालों-सुर-सोन या गावाच्या महापौरांनी शाळेच्या जेवणात डुकराच्या मांसाच्या दिवशी मिळणारा पर्यायी पदार्थ बंद केला. तो खटला 2020 पर्यंत चालला. निर्णय असा आला की पर्याय देण्याची सक्ती नाही, पण देण्याला बंदीही नाही. सूपच्या निकालाइतका हा दुसरा निकाल मला समाधानकारक वाटत नाही. बेघर माणूस निदान दुसऱ्या रांगेत जाऊ शकतो, आठ वर्षांचं पोर कुठे जाणार? आपल्या सोसायट्यांत आणि कँटीनांत याची कोणती रूपं दिसतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

कांटने 1795 मध्ये शाश्वत शांततेवर जो छोटा ग्रंथ लिहिला, त्यात तो म्हणतो की आतिथ्य हा परोपकाराचा प्रश्न नसून हक्काचा आहे. परक्या भूमीत पाऊल ठेवलं म्हणून कोणी शत्रूसारखं वागवू नये, एवढा तो हक्क. आणि त्याच ठिकाणी तो युरोपियनांना सुनावतो की तुम्ही दुसऱ्यांच्या देशांत 'भेटीला' जाता म्हणजे ते देश जिंकायला जाता. त्यात हिंदुस्थानचं नाव आहे. लॅटिनमध्ये शत्रू आणि यजमान-पाहुणा यांचे शब्द एकाच मुळातून निघालेले आहेत. म्हणजे पाहुण्यापुढे फळी ठेवणाऱ्याला दोन्ही वाटा मोकळ्या असतात.

तर फळी. इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे मुळात जेवणाची फळीच. मेजवानीला घोडीवर फळ्या टाकत आणि जेवण झालं की उचलत. आपल्याकडे हॉटेलवर 'लॉजिंग-बोर्डिंग' अशी पाटी असते, तिच्यातला बोर्ड हाच. आणि फळीवर सगळं एकदम मांडणं ही जुनी फ्रेंच पद्धत आहे. एकामागून एक पदार्थ आणायची रीत तिथे एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत म्हणून आली. आपली पंगत मात्र वेगळी. प्रत्येकाचं पान स्वतंत्र, उष्ट्याचा प्रश्न नाही, आणि कोणाला काय वाढायचं नाही ते वाढपी विचारून घेतो. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. मला फळीवरचं मांस पाहिलं की ही डावी बाजू आठवते, कारण खारट-आंबट असं ते थोडंथोडंच खायचं असतं. म्हणून शेजारी आंबट काकडी आणि तिखट मोहरी हवी, ती चरबी कापते. आणि पाव शक्यतो साधा. टस्कनीत पाव अळणीच भाजतात, तिथल्या खारट हॅमबरोबर तो उत्तम लागतो.

जेवणाआधी खायचं असेल तर माणशी 50-60 ग्रॅम मांस पुष्कळ झालं. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा, नाहीतर हॅमला वासच येत नाही. हॅम कागदासारखं पातळ, सुकं सॉसेज त्याहून जाड, पाते मात्र बोटभर. पाहुणे किती? कांटच्या मते तीनांपेक्षा कमी नकोत आणि नवांपेक्षा जास्त नकोत. आणि फळ्या दोन मांडा, सुऱ्या दोन ठेवा. एकीवर डुक्कर, दुसरीवर चीज, भाजलेल्या भाज्या, ऑलिव्ह, फळं. काय कशाचं आहे ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, म्हणजे कोणाला विचारावं लागणार नाही आणि कोणाला सांगावंही लागणार नाही. दोन्ही फळ्या सारख्याच थाटात सजवा आणि एकाच टेबलावर ठेवा, दुसरी स्वयंपाकघरात नको.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.